चिंचेचं पाप

देवाशी भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण देवाच्या बाजूनं देवाच्याच भक्तांशी जन्मभर भांडलेला माणूस एकच पाहिला, आणि सुदैवानं म्हणा किंवा दुर्दैवानं म्हणा, तो माझा सख्खा चुलता निघाला. हे वाक्य काकांच्या समोर लिहायची माझी छाती झाली नसती. "दैव म्हणजे काय रे? आणि ते सु कुणी केलं, दु कुणी केलं?" असं त्यांनी विचारलं असतं, आणि मग लेख बाजूला राहून संध्याकाळपर्यंत दैवच चाललं असतं.

काका तुळजापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. नोकरीतली बरीचशी वर्षं त्यांनी चौकशीच्या खिडकीत काढली. नवरात्रात सोलापूरकडून गाड्या भरभरून यायच्या, खिडकीच्या भोकात एकामागून एक तोंडं घुसायची, आणि काका प्रत्येक तोंडाला सविस्तर उत्तर द्यायचे. त्या खिडकीनंच त्यांना धर्मज्ञ केलं, असं ते स्वतः सांगत. "माणूस गाडीत चढायच्या आधी किती विचारतंय बघ. कुठं जाती, कुठनं जाती, येडशीला थांबती का. ड्रायव्हर चहाला गेला तर ड्रायव्हर कोण तेबी विचारतंय. आन आपल्या ख्रिस्ती मंडळीत जन्म गेलेल्या माणसाला इचार, बाबा, ही गाडी कुठं चाललीय? तर म्हणतंय, मला काय ठावं, माझा बाप बसला हुता म्हणून म्या बसलो!"

आमचं गाव लोहारा तालुक्यात, सास्तूरपासून फार लांब नाही. गावात ख्रिस्ती घरं थोडी. भूकंपानंतर उभं राहिलेलं पत्र्याचं छोटं देऊळ, म्हणजे चर्च, आहे. एरवीच्या रविवारी आमच्यातलेच वडीलजन उपासना चालवतात, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सोलापूरकडून पाळकसाहेब मोटारसायकलवर येतात, कारण त्या दिवशी प्रभुभोजन असतं. म्हणजे प्रभूचं शरीर म्हणून पोळीचा तुकडा आणि रक्त म्हणून मनुक्यांच्या रसाचा घोट. पाळकसाहेब तरुण, गुणी, आवाज गोड. पण त्यांची मोटारसायकल वेशीत आली की काका पहिल्या बाकावर जाऊन बसत, आणि उपदेश रंगात आला की त्यांचा हात वर जाई. उपदेशात हात वर करायचा नसतो हे लहान पोरांनाही कळतं. काकांचं म्हणणं, खिडकी उघडी ठेवायची आणि चौकशी करू द्यायची नाही, हा कुठला कारभार? पाळकसाहेब मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, पाळकांच्या कॉलेजातल्या तोंडी परीक्षेत मला इतका घाम फुटला नव्हता."

गाण्याच्या मध्येसुद्धा ते हात वर करत. एकदा सगळी मंडळी डोळे मिटून, तुझ्यासाठी सारं काही सोडलं, अशा अर्थाचं भजन आळवत होती. काका उभे राहिले. "थांबा. आत्ता आपण काय म्हणालो?" पेटी थांबली. तबला मात्र दोन थापा पुढं गेला, म्हणून काकांची नजर तबल्यावर गेली. तबलजी आमच्याच भावकीतले. शेजारच्या शेतकऱ्याशी बांधावरून त्यांची कोर्टात तारीख चालू होती. काका म्हणाले, "सारं सोडलंस? मग त्यो बांध तेवढा सोड की." त्यानंतर कित्येक रविवार आमची भजनं तबल्याविना झाली.

साक्षीच्या वेळी तर लोकांची पाचावर धारण बसे. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. एका गृहस्थांनी सांगितलं की देवानं त्यांची गाडी चुकवली, आणि नेमकी तीच गाडी पुढं घाटात कलंडली. देवाचं नाव धन्यवादित असो! सगळे आमेन म्हणाले. काका म्हणाले, "ती गाडी मीच लावली होती फलाटाला. तुमची चुकली ती तुम्ही पान खात उभे राहिला म्हणून. पण तुमचं खरं धरू. मग जे बसले होते, त्यांचा देव त्या दिवशी रजेवर होता काय?" गृहस्थ खाली बसले ते पुन्हा साक्षीला उठले नाहीत. मयताला गेल्यावर "चांगली माणसं देवाला आधी लागतात" असं कुणी म्हणालं, तर काका हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत, "का? तिकडं माणसं कमी पडल्यात?"

यातून मीही सुटलो नाही. मी स्वभावानंच अपराधी माणूस आहे. वर्गात एखादा मुलगा नापास झाला तर मला वाटतं मी नीट शिकवलं नाही. पाऊस लांबला तर वाटतं, मी कुणाचं तरी मन दुखावलं असणार. एकदा काकांना मागं बसवून धाराशिवला निघालो होतो, वाटेत टायर पंक्चर झालं. खाली उतरलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सकाळी बायकोशी वाकडं बोललो, त्याचं हे फळ." काका रस्त्याकडेच्या दगडावर बसले. म्हणाले, "लई मोठा समजतोस रे स्वतःला. ह्या रस्त्यावरचा एकेक खिळा देव तुझ्यासाठी पसरीत बसलाय व्हय? बायकोशी वाकडं बोललास तर घरी जाऊन तिची माफी माग. टायरचं पाप टायरवाल्याला सांग." मला हसू आलं, आणि लगेच हसल्याबद्दल अपराधी वाटलं.

मंडळीतल्या एका वडीलजनांनी त्यांना एकदा समजावलं, "आपण साधी माणसं. आपल्याला ईश्वरविज्ञान कशाला पायजे? प्रेम असलं म्हणजे झालं."

"कुणावर?" काका म्हणाले.

"देवावर."

"कसा हाय त्यो?"

काकांनी वडीलजनांच्या खांद्यावर हात ठेवला. "ज्याच्यावर प्रेम करता, त्यो कसा हाय ते बघायला नको? न बघता लगीन तर आपल्या आज्यानं केलं, त्यालाबी आजीनं जन्मभर ऐकवलं."

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, आणि गावातही लोक काकांच्या गोष्टी हसतच सांगतात. दुःखानं त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला, असंही काही जण म्हणतात. ते खरं नाही. काका आधीपासूनच असे होते. फरक एवढाच की आधी ते मौजेनं वाद घालत, आणि नंतर वकिलासारखा घालू लागले. त्यांची एकच केस होती, अशील हयात नव्हती, आणि विरुद्ध पक्षाला माझी आई होती.

आई थोरली जाऊ, काकू धाकटी. प्रभुभोजनाची पोळी आई करायची आणि मनुके उकळून रस काढायचं काम काकूचं. हा मान आमच्या घराकडं आजीपासून चालत आलेला. एका नाताळाला आईनं रसाचं बोट चाटलं आणि तिला तो गोड लागला. तिनं चारचौघींत विचारलं, "साखर घातलीस?" काकू म्हणाली, मनुके आंबट निघाले, म्हणून चिमूटभर घातली. आई म्हणाली, "प्रभूच्या रक्तात साखर घालतीस? उद्या इलायची घाल!" बायका हसल्या. काकूला ते लागलं. तिनंही आईच्या पोळीबद्दल काहीतरी सुनावलं, आणि दोघींचं बोलणं जे बंद झालं ते ईस्टर आलं तरी बंदच होतं.

आमच्याकडं एक रीत आहे. ज्याचं कुणाशी वितुष्ट असेल त्यानं प्रभुभोजनाला हात लावायचा नाही. आधी समेट, मग पोळी. अयोग्य रीतीनं जो खातो तो स्वतःवर देवाचा दंड, म्हणजे शिक्षा, ओढवून घेतो, या धाकानं आमच्या कितीतरी लोकांनी अर्धं आयुष्य पोळीकडं नुसतं बघत काढलं आहे. भांडणं मिटवण्यापेक्षा पोळी सोडणं सोपं, हा शोध आमचाच. ईस्टरच्या सकाळी देवळाच्या दारात काकूनं आईला सलाम करून समेटासाठी हात पुढं केला. आईनं पदर सारखा केल्यासारखं करून तोंड फिरवलं. आत गेल्यावर तबक फिरलं तेव्हा आईनं रीतीप्रमाणे ते पुढं ढकललं. काकूनं मात्र घेतलं. आपण हात पुढं केला, आपलं झालं, असं तिला वाटलं असणार.

त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला. काकू शेतात होती. सरी आल्या तशी बांधावरच्या चिंचेखाली जाऊन उभी राहिली, आणि त्या चिंचेवर वीज पडली.

माती झाली, आणि तिसऱ्या दिवसापासून मंडळीत कुजबुज सुरू झाली. उघड कुणी काही म्हणत नव्हतं. हळहळतच बोलत होते. मन साफ नसताना खाल्लं हो बिचारीनं. आणि आईपाशी येऊन बायका म्हणायच्या, "तुमी नेमाच्या, वयनी. हात लावला न्हाय, म्हणून वाचला." आईची स्तुती व्हायची! ती स्तुती तिनं कशी ऐकून घेतली असेल देव जाणे. कारण काकूला त्या अवस्थेत आत पाठवली कुणी, हे आईला ठाऊक होतं. त्या दिवसापासून तिनं प्रभुभोजनाला हात लावला नाही. पोळी तीच करायची. फडक्यात बांधून द्यायची. तबक समोर आलं की पुढं सरकवायची. महिने गेले, वर्षं गेली. मला वाटायचं आईला काहीतरी म्हणावं. पण काय म्हणावं? माझ्याही मनात तोच देव बसलेला होता, हातात वीज घेऊन, चुका हेरत. ईश्वरविज्ञान नको म्हणणाऱ्या आम्हा साध्या माणसांपाशीही एक ईश्वरविज्ञान होतंच की. फक्त ते कुणी उलटून पाहिलेलं नव्हतं.

काकांनी ते उलटून पाहायचं मनावर घेतलं. निवृत्त होऊन ते तुळजापूरलाच खोली घेऊन राहिले होते, पण पहिला रविवार त्यांनी चुकवला नाही. उपासना झाली की पाळकसाहेबांना पुरेसा घाम फोडून ते आमच्या घरी येत, ओट्यावर आईसमोर बसत, आणि मी चहा आणेपर्यंत केस उभी राहिलेली असे.

"वयनी, वीज कशावर पडती? उंच असंल त्याच्यावर. माळावर ती चिंच सगळ्यात उंच हुती. वीज चिंचंवर पडली. ही खाली हुती."

"मला काय येडी समजता का भावजी? चिंचंवर पडली, पर पाडली कुणी?"

"बरं, देवानं पाडली. चिंचबी जळाली. चिंचंनं काय पाप केलं हुतं?"

"झाडाला पाप नसतंय. माणसाला असतंय."

"मग झाडाला कशापायी जाळलं?"

"ते त्यालाच इचारा. तुमचं लई येणं-जाणं हाय त्याच्याकडं."

आई अशी हार जाणारी नव्हती. तिला लिहिता-वाचता बेताचंच येई, पण आपला देव तिला पाठ होता: तो बघतो, लक्षात ठेवतो, आणि वेळ आली की दाखवतो. काका शास्त्रातले उतारे काढत, ती म्हणायची, "तुमचं मोठं मोठं मला कळत न्हाय, चहा घ्या, निवतूय." काका दर महिन्याला नवा मुद्दा शोधून आणत. एकदा म्हणाले, "जेवायला माणूस भूक लागली म्हणून बसतंय. पोट भरलं की ये, असं कोण म्हणतंय का?" आई म्हणाली, "हात धुऊन ये म्हणतंय की." काका जाताना मला म्हणाले, "तुझी आई पाळक व्हायला पायजे हुती."

गावाला ही करमणूक होती. मलाही ती तशीच वाटायची, आई अंथरुणाला लागेपर्यंत. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या पायांनी दगा दिला, मग श्वासानं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. पाळकसाहेबांनी विचारलं, घरी येऊन प्रभुभोजन देऊ का. आईनं मान हलवून नको सांगितलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आई जाईल याची भीती तर होतीच. पण ती त्याच विजेच्या खाली उभी राहून जाईल, याची जास्त वाटली.

पुढच्या पहिल्या रविवारी काका आले ते पाळकसाहेबांच्या मोटारसायकलवर मागं बसून. हे दृश्य बघायला गल्ली बाहेर आली. पाळकसाहेबांच्या हातात प्रभुभोजनाचा डबा होता, आणि चेहरा वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखा. आई उशीला टेकून बसली होती. डबा बघून म्हणाली, "भावजी, तुमाला सांगितलंय ना?"

"सांगितलंय. म्या आज वाद घालाय आलो न्हाय."

"मग काय घालाय आलाय?"

"एक इचारायचंय. चौकशी." काका खाटेपाशी स्टूल ओढून बसले. त्यांनी शास्त्र उघडलं नाही, चिंच काढली नाही. नुसते बसले. मग म्हणाले, "वयनी, तुमचं सगळं खरं धरतो. तिनं मन साफ नसताना खाल्लं, देवाला राग आला, देवानं वीज टाकली. आता एवढंच सांगा, माझी बायको आत्ता कुठं हाय?"

आईनं त्यांच्याकडं बघितलं.

"तुमचं खरं असंल तर ती दंडात हाय. इतकी वर्षं म्या दंडात असलेल्या बाईसाठी झुरतोय. तसं असंल तर सांगा. म्या पुन्यांदा येणार न्हाय."

पाळकसाहेबांनी खाली बघितलं. इतकी वर्षं आई स्वतःलाच शिक्षा देत होती. त्या शिक्षेत तिनं काकूलाही जन्मठेप सुनावली आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. काकांच्या मात्र ते रोज उशाशी होतं.

"न्हाय," आई म्हणाली. मग पुन्हा, "न्हाय, न्हाय. असं कसं बोलता? ती देवापाशीच हाय. तिनं हात पुढं केला हुता."

"नक्की?"

"नक्की. म्या बघितलाय त्यो हात."

"मग ज्यानं तिला आपल्यापाशी ठिवून घेतलं, त्यो तिच्या डोक्यावर वीज कशाला टाकंल, वयनी?"

आईनं पदर डोक्यावर घेतला. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू केली आणि बंद केली. मग ती पाळकसाहेबांना म्हणाली, "आणा." आणि काकांकडं वळून, "मला तुमचं पटलंय असं समजू नका. म्या तिच्यासाठी घेती. तिच्या नावानं."

मी दचकून काकांकडं पाहिलं. मेलेल्या माणसाच्या नावानं प्रभुभोजन घेता येत नाही. ते ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. असल्या चुकीला काकांनी भर लग्नात लोकांना उभं करून झापलेलं होतं. त्यांचं तोंड उघडलं. पाळकसाहेबही पोळी हातात धरून, आता काय ऐकावं लागतंय म्हणून थांबले. आणि काकांनी तोंड मिटलं. पाळकसाहेबांना त्यांनी हातानं खूण केली, चालू द्या. आईनं तुकडा घेतला, घोट घेतला. ओठ पुसून म्हणाली, "बरं झालं." पोळीला, रसाला की स्वतःला, ते कळलं नाही.

आई त्यानंतर दोन-अडीच महिने होती. त्या काळात काका आले की दोघं चहा पीत, पावसाचं बोलत, एसटीच्या भाडेवाढीला नावं ठेवत. वाद संपल्यामुळं दोघांनाही जरा चुकल्यासारखं होत असावं. मग एका सकाळी ती गेली, शांतपणे, चहा मागून आणि तो न पिता.

मातीला सगळी मंडळी आली. एका बाईनं डोळे पुसत म्हटलं, "चांगली माणसं देवाला आधी लागत्यात." मी काकांकडं पाहिलं. ते ऐकत नव्हते. नव्या मातीकडं आणि तिच्या पलीकडच्या काकूच्या जुन्या थडग्याकडं आळीपाळीनं बघत होते. दोन्हींच्या मध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील एवढीच जागा होती.

संध्याकाळच्या गाडीला सोडायला मी त्यांना फाट्यावर घेऊन गेलो. गाडी यायची होती. काका खांद्यावरची पिशवी सारखी करत राहिले. मग एकदम, वाद काढताना ज्या आवाजात बोलत त्या आवाजात नव्हे, म्हणाले, "तुला काय वाटतंय रे? तिथं वळख राहती का?"

"कुणाची?"

"दोघींची. एकमेकींची."

असली उत्तरं मी काकांकडूनच शिकत आलो होतो. मी म्हटलं, "राहत असेल, काका."

'असेल' हा शब्द त्यांच्यासमोर चालत नसे. आहे म्हण, नाही तर नाही म्हण, असं ते सुनावत. मी वाट बघत उभा राहिलो. लांबून गाडीचे दिवे दिसू लागले. काकांनी मान हलवली, आणि गाडी जवळ येईपर्यंत "असंल, असंल," असं स्वतःशीच म्हणत राहिले.